वाटेवरचे कारागीर

दौंडला रेल्वे लवकर आली. १८७८ मध्ये मनमाडची लाइन जोडली गेली आणि दौंड जंक्शनचं नाव दूरवर पोचलं. शेजारच्या शिरूरला मात्र आजही रेल्वे नाही. घोडनदीकाठच्या या गावाची सारी भिस्त पुणे-नगर रस्त्यावर. १ जून १९४८ रोजी याच मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. रूळ जिथे पोचले नव्हते, तिथल्या माणसांना त्या दिवसापासून हक्काची गाडी मिळाली.

मोटारीच्या जन्मानंतरचा पहिला मोठा प्रवासही साधारण पुणे-नगरएवढ्याच अंतराचा होता. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. गाडी तयार होती, पण ती घ्यायला कुणी धजत नव्हतं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. अंतर सुमारे १०६ किलोमीटर.

पेट्रोलपंप तेव्हा कुठेच नव्हते. वीस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन नावाचा द्रव घेतला आणि तो टाकीत ओतला. साखळी ढिली पडली, ती एका लोहाराने ठीक केली. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा मोच्याने त्यावर चामडं ठोकून दिलं. इंधनाची नळी तुंबली, ती बेर्था यांनी स्वतः टोपीच्या पिनेने मोकळी केली. चढावर मुलांनी गाडी ढकलली आणि या अनुभवातून पुढे चढासाठी आणखी एक गिअर आला.

शोध कार्ल बेंझ यांचा, धाडस बेर्था यांचं. पण गाडी मुक्कामाला पोचली ती औषधवाला, लोहार आणि मोची यांच्यामुळे. त्यांच्या कामात मोटार कधी आलेलीच नव्हती. तरी समोरची अडचण पाहून त्यांनी आपलं कसब पणाला लावलं.

आज शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात मोटारी तयार होतात. २०१७ पासून तिथे बनणारी जीप कंपास परदेशातही जाते. याचा अभिमान वाटायलाच हवा. मात्र उसाच्या हंगामात शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर भरल्या ट्रॉलीचा टायर फुटतो किंवा हुक तुटतो, तेव्हा मध्यरात्री उठून येतो तो पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, गॅरेजचा मिस्त्री. त्याच्या हातात नवं यंत्र आहे, पण वृत्ती त्या लोहाराचीच: समोर अडलेल्याला मार्गी लावायचं.

अशा माणसाशी मजुरीसाठी घासाघीस करू नये. त्याच्या हाताचं तेलकटपण हीन मानू नये. घरातल्या मुलाला किंवा मुलीला आयटीआयला जाऊन मोटार दुरुस्ती शिकायची असेल, तर मार्क कमी पडले म्हणून तिकडे गेले असं कुणाला म्हणू देऊ नये. मोटार चालत राहते ती या कसबामुळे, आणि जे कसब सगळ्यांना पुढे नेतं, ते शिकणाऱ्याचं घरात कौतुकच व्हायला हवं.