कवी मेहकरात, शीळ मुलुखभर

ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९चा, बुलढाणा जिल्ह्यातल्या सेंदुरजना गावचा. शिक्षणासाठी ते बाहेर राहिले, पण कायद्याची पदवी हाती आल्यावर परतले ते मेहकरलाच. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर, पैनगंगेकाठच्या त्या तालुक्याच्या गावी त्यांनी वकिली केली आणि मराठीतली काही सर्वांत हळवी प्रेमगीतं लिहिली. रोमँटिक कवी म्हटला की भटकंती आलीच, असं मानणाऱ्यांना हा माणूस कोड्यात टाकतो.

ती समजूत रुजवली बायरनने. १८०९च्या जुलैत, एकविसाव्या वर्षी, त्याने इंग्लंड सोडलं. पोर्तुगाल, स्पेन, अल्बेनियाचे डोंगर, ग्रीस, इस्तंबूल अशी दोन वर्षं फिरून तो परतला. १८१२मध्ये ‘चाइल्ड हॅरोल्ड’चे पहिले दोन सर्ग छापले गेले आणि रातोरात त्याचं नाव झालं. दूरचा मुलुख, तिथले पोशाख, पडकी देवळं, आणि या सगळ्यातून हिंडणारा उदास तरुण: वाचकांना त्याचं वेडच लागलं. घरापासून तुटल्यावरच कवीला स्वतःचा सूर सापडतो, हे जणू ठरूनच गेलं.

मराठीत मात्र या कल्पनेने वेगळंच वळण घेतलं. इथल्या कवीला परका मुलुख भेटला तो बहुधा नोकरीमुळे, नाहीतर राजकारणामुळे. केशवसुत मूळचे मालगुंडचे. शाळामास्तरकी त्यांना खानदेशात घेऊन आली. शेलीने १८१९मध्ये फ्लॉरेन्सला असताना पश्चिमवाऱ्याला साद घातली ती आपले विचार जगभर पसरावेत म्हणून. केशवसुतांनी नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर कविता लिहिली, तेव्हा त्या वाऱ्याबरोबर आलं ते कोकणातलं घर. हा फरक लहान नव्हे. १९०९मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांनी समुद्राला उद्देशून जी कविता रचली, तिच्यातही इंग्लंड पाहण्याची हौस नाही; मायभूमीची ओढ आहे. बायरन घराबाहेर पडला त्याला तेव्हा शंभर वर्षं झाली होती. ना. घ. जन्मले तेही त्याच वर्षी.

मग प्रश्न उरतो तो अंतराचा. किती दूर गेलं म्हणजे मुलुख परका होतो? जॉन क्लेअर हा इंग्लंडमधला शेतमजूर कवी १८३२मध्ये आपल्या हेल्पस्टन गावातून नॉर्थबरोला राहायला गेला. अंतर अवघं तीन मैल. तरी तो उन्मळून गेला. तिथली झाडं, पाखरं त्याला आपली वाटेनात, आणि त्या हरवलेपणातून त्याने उत्तम कविता लिहिल्या.

ना. घ. याच्याही पुढे जातात, असं म्हणावंसं वाटतं. मेहकरजवळच लोणारचं सरोवर आहे. १८२३मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि पुढे जगभरचे अभ्यासक ते विवर पाहायला आले. प्रवाशाला हवी असते ती नवलाई इथे दारातच होती. पण ‘शीळ’ या कवितेला तिची गरज पडली नाही. तिच्यात आहे ते कुठल्याही गावाबाहेरचं रान, रानातून जाणारी शीळ, आणि ती ऐकून कासावीस झालेली स्त्री. दूर जाण्याचं काम कवीऐवजी त्या आवाजाने केलं आहे. रोजचं, पायाखालचं रान त्या एका स्वराने अनोळखी होऊन जातं. ऐकणारीला आता घरात करमत नाही.

पुढे तेच प्रत्यक्षात घडलं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी हे गीत गायलं, त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताच्या आरंभीच्या गाजलेल्या गाण्यांत ते जाऊन बसलं. ज्यांना मेहकर नकाशावर दाखवता आलं नसतं, त्यांच्या ओठांवर मेहकरच्या वकिलाचे शब्द आले. कवीला पुस्तकाचीही घाई नव्हती. ‘शीळ’ हा पहिला संग्रह १९५४ साली निघाला, तेव्हा ते गाणं वीसएक वर्षं गावोगाव फिरत होतं.