रुमालाखालचा भाव

"म्हणजे तो तुला आठ देतो आणि तुझ्या नावावर बारा घेतो," मामा म्हणाले. "हजारात."

"दिवसाला."

"आणि हे तुला सांगितलं कोणी?"

"क्लायंटच्याच मॅनेजरनं. चहा पिता पिता म्हणाला, मॅडम, तुमचे बारा हजार आम्हाला जरा जड जातात. मी कप खाली ठेवला. त्यालाही कळलं असावं, कारण लगेच म्हणाला, पुढच्या तिमाहीपासून थेटच या ना, दहा देतो. तुमचे दोन वाढतील, आमचे दोन वाचतील."

मामांनी सुपारी कातरायची थांबवली. पुण्याच्या मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात त्यांचा गाळा होता. आता तो मुलाकडे आहे, मामा बिबवेवाडीच्या घरात असतात आणि गाळ्याचा हिशेब अजून तोंडी सांगतात. मी सॅपची सल्लागार. कंपन्यांच्या हिशेबप्रणाली बसवून देते, नोकरी करत नाही, कामापुरती जाते. काम मिळवून देणारा एक रिक्रूटर आहे. त्याची एजन्सी क्लायंटला बिल लावते, मी एजन्सीला. त्याच्याशी केलेल्या कागदात एक कलम आहे: काम संपल्यावर बारा महिने त्या क्लायंटकडे थेट जायचं नाही. नवा करार आठवड्याभरात व्हायचा होता, म्हणून मी मामांकडे आले होते. वकिलाकडे आधीच जाऊन आले होते.

"सही करताना विचारलं नाहीस, वर किती लावणार म्हणून?"

"विचारलं होतं. म्हणाला, ते कॉन्फिडेन्शियल असतं मॅम."

मामा हसले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी माझ्या हातावर टाकला, खालून माझी बोटं धरली आणि दोन दाबली. "हा भाव झाला. पूर्वी असंच चालायचं. शेतकरी शेजारीच उभा, माल त्याचा, गाडी त्याची, आणि भाव सोडून सगळं त्याला दिसायचं. पुढे नियम झाले, उघडा लिलाव आला. तुमच्या काचेच्या इमारतींत रुमाल अजून आहे म्हणायचा."

"मग त्यानं फसवलं मला?"

"ते नंतर. आधी सांग, तो तुझा दलाल की व्यापारी?"

मला हा प्रश्न शब्दांचा खेळ वाटला. तसं म्हणालेही. मामांना राग आला नाही, पण आवाज दुकानातला झाला.

"खेळ नाही. अडत्या म्हणजे माल तुझा, विकतो मी, मला अडत मिळते. व्यापारी म्हणजे तुझा माल मी विकत घेतला, आता तो माझा. पुढे मी दुपटीनं विकेन नाहीतर सडवेन, तू विचारायचं नाहीस. दोन्ही धंदे इमानाचे आहेत. तुझा माणूस कुठला?"

"वकीलही साधारण हेच म्हणाला," मी म्हणाले. "1872 चा करार कायदा आहे. एजंटानं मालकाला न सांगता त्याच्याच व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर झालेला फायदा मालक मागू शकतो. 215 आणि 216 ही कलमं. पण माझ्या कागदावर एजंट हा शब्दच नाही. मी एजन्सीची पुरवठादार आहे. म्हणजे तुमच्या भाषेत तो व्यापारी."

"मग चार हजार त्याचे. विषय संपला."

"संपला कसा? मागच्या वर्षी क्लायंटनं तीन महिने पैसे अडवले. मी याला फोन केला तर म्हणाला, मॅम, वरून आले की लगेच सोडतो. कागदातही तेच आहे, क्लायंटचे पैसे आल्यावर तीस दिवसांत. मी तीन महिने घरचा हप्ता साठवणीतून भरला."

आता मामा सरसावून बसले. "हे आधी का नाही सांगितलंस? माझ्या वेळी गाळ्यावर माल विकला की शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडायची. अडत वजा, हमाली वजा, तोलाई वजा, उरलेले पैसे घेऊन तो संध्याकाळी गाडीत बसायचा. घेणारा मला पंधरा दिवसांनी देईल, महिन्यानं देईल, बुडवेलही. शेतकऱ्याला त्याचं काय? ती उधारी मी पोसायची, अडत त्याचीसुद्धा असते. हा तुझा माणूस नफा घेताना व्यापारी आहे आणि पैसे द्यायची वेळ आली की दलाल."

मी काही बोलले नाही. वकिलाकडे दोन तास बसून मला जे पकडता आलं नव्हतं ते हेच होतं. मला चार हजार सलत नव्हते. चार हजारांच्या बदल्यात त्यानं काय अंगावर घेतलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते सलत होतं. त्या तीन महिन्यांत जोखीम माझी होती आणि नफा त्याचा.

खरं तर कायद्यानं इथे मला थोडा हात दिला आहे, मीच तो कधी वापरला नाही. उद्यम नोंदणी केलेला माझ्यासारखा सूक्ष्म व्यावसायिकही 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याखाली येतो. खरेदीदारानं लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. एजन्सी माझी खरेदीदार असेल, तर तिला वरून पैसे आले की नाही हा तिचा प्रश्न. इंग्लंडमध्ये हे आणखी स्पष्ट आहे. तिथल्या 2003 च्या नियमांनुसार क्लायंटनं दिले नाहीत म्हणून एजन्सीला कामगाराचे पैसे अडवता येत नाहीत. तिथे कंत्राटावर काम करणाऱ्या मैत्रिणीनं मला हे सांगितलं आणि वर हेही सांगितलं की स्वतःची कंपनी काढून काम करणाऱ्यांना या नियमांतून बाहेर पडायची मुभा आहे, आणि एजन्सी सही घेताना तो कागद हळूच पुढे सरकवते. कागद सरकवण्याची कला सगळीकडे सारखीच दिसते.

"ठीक आहे," मी म्हणाले. "मग मी थेट जाते. त्यानं त्याचं पाळलं नाही, मी माझं कशाला पाळू? आणि ते बारा महिन्यांचं कलम तसंही टिकत नाही. धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल, कलम 27. झहीर खानचं प्रकरण आहे."

"श्रीरामपूरचा झहीर?"

"तोच. 2000 साली त्याचं व्यावसायिक काम बघणाऱ्या कंपनीशी तीन वर्षांचा करार झाला. त्यात अट अशी की मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला दाखवायचा, आम्ही तेवढेच दिले तर आमच्याकडेच राहायचं. तो दुसरीकडे गेला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, करार संपल्यावरची अशी आडकाठी चालणार नाही. ज्याच्यावर विश्वास उरला नाही त्यालाच आपलं काम बघू दे, अशी सक्ती खेळाडूवर करता येत नाही."

"आणि करार चालू असताना?"

"तेव्हा चालते. कल्याणच्या कारखान्यातल्या गोलीकरी यांचं 1967 चं प्रकरण आहे. पाच वर्षांचा करार मध्येच सोडून ते दुसऱ्या कंपनीत गेले, तर न्यायालयानं उरलेल्या मुदतीपुरतं अडवलं. पण माझा करार या महिन्यात संपतोय."

"म्हणजे तुला कोणी अडवू शकत नाही."

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

याला उत्तर नव्हतं. मामी आतून चहा घेऊन आल्या. त्यांना विषय कळला नव्हता, तरी म्हणाल्या, "लग्न जमवणाऱ्याला मान एकदाच देतात, दर संक्रांतीला नाही." आणि आत गेल्या. मामी बहुतेक वेळा आतून सगळं ऐकत असतात.

"ही म्हणते ते खरं आहे," मामा म्हणाले, "पण एकदा तरी द्यावा लागतो. त्या कंपनीचं दार तुला माहीत होतं?"

"नव्हतं. चार वर्षांपूर्वी मला कोणी विचारत नव्हतं. यानं माझा सीव्ही दुरुस्त केला, मुलाखतीत काय विचारतील ते सांगितलं, पहिल्या वेळी नाकारलं तर पुन्हा फोन करून दुसरी मुलाखत मिळवली."

"मग ओळख करून देण्याचं काहीतरी मोल आहेच. ते संपतं कधी, हा खरा प्रश्न. चार वर्षांत तो कितीदा तिकडे गेला?"

"एकदाही नाही. काम वाढत गेलं ते माझ्यामुळे."

"म्हणजे पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा घेतला तर घेऊ दे. चौथ्या वर्षी तोच हिस्सा कशाचा?"

इंग्लंडच्या नियमांत यालाही एक आकडा आहे. काम संपल्यापासून आठ आठवडे किंवा सुरू झाल्यापासून चौदा आठवडे, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोवर क्लायंटनं थेट घेतलं तर एजन्सी त्याच्याकडून फी मागू शकते, त्यानंतर नाही. आणि फी द्यायची ती क्लायंटनं. मला यातली आठवड्यांची मोजणी आवडली नाही, पण ओळखीला मुदत असते हे कोणीतरी कागदावर मान्य केलंय, ते आवडलं.

मी मामांना नव्या कराराचा कच्चा मसुदा वाचून दाखवला. क्लायंटकडून येवोत न येवोत, पैसे तीस दिवसांत. प्रतिनिधित्व फक्त नाव घेऊन सांगितलेल्या कामापुरतं; त्या कंपनीच्या साऱ्या शाखा आणि उपकंपन्या त्यात नाहीत. मला विचारल्याशिवाय सीव्ही कुठेही जाणार नाही. या शेवटच्या अटीवर मी अडून बसणार आहे. एकच सीव्ही दोन एजन्सींनी पाठवला की फीचं भांडण नको म्हणून क्लायंट माणसालाच बाजूला ठेवतो. माझं एक काम असंच गेलं, आणि दुसऱ्या एजन्सीला मी कधी भेटलेही नव्हते. आता 'आमच्यातर्फे पाठवायला तुमची संमती आहे' असा मेल मागवतात, आरटीआर म्हणतात त्याला, पण त्यात कोणतं काम, किती दर, किती दिवस हे रिकामंच असतं.

"आणि तो वर किती लावतो ते?"

"ते उघड करायला सांगणार."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी एकदा रुमालाशिवाय हेच केलंय. जुन्नरकडचा एक शेतकरी होता, बापाच्या वेळेपासूनचा. एका वर्षी कांदा वर जाणार हे मला दिसत होतं. त्याचा माल मीच घेतला, दुसऱ्याच्या नावावर. पट्टी दिली, अडतही कापली. आठ दिवसांनी भाव वाढला. त्याला कळलं. भांडला नाही. एवढंच म्हणाला, शेठ, तुम्ही माझे होता की त्याचे?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, भाव तर तुला त्या दिवसाचा पुरा मिळाला. खोटं नव्हतं ते." त्यांनी रुमाल झटकून त्याची घडी केली. "2016 ला सरकारनं ठरवलं, अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, घेणाऱ्याकडून घ्यायची. सगळे म्हणाले, आता अडत्या घेणाऱ्याचा झाला. मला वाटलं, पट्टीवरची ओळ बदलली, एवढंच. घेणारा अडत धरूनच भाव बोलणार. पैसे कोणाच्या हातून येतात त्यावरून माणूस कोणाचा ते कळत नाही. मग कशावरून कळतं, ते मात्र मला त्या जुन्नरवाल्याला सांगता आलं नाही."

"तो परत आला?"

"आला. दुसरा गाळा कुठे होता त्याला."

बाहेर अंधार पडला होता. मी निघायला उठले तेव्हा मामांनी सहज विचारलं, "पहिल्यांदा त्यानं दर विचारला, तेव्हा तू किती सांगितला होतास?"

हे मी वकिलाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"साडेसात."

"आणि दिले आठ."

"हो. म्हणाला, मॅम, तुम्ही कमी मागताय."

मामा 'अस्सं' एवढंच म्हणाले. मला एकदम राग आला, कोणावर ते नीट कळेना. त्यानं मला माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त दिले, मला न सांगता चार स्वतःकडे ठेवले, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच दिवसाची होती. मॅनेजरनं वाढवून देऊ केलेले दोन हजार मला अचानक त्याच चार हजारांतून कापलेल्या तुकड्यासारखे दिसले.

मी पर्स पुन्हा खाली ठेवली.

"त्याला आधी फोन करते," मी म्हणाले. "दहाचा प्रस्ताव आलाय हे त्याला सांगते. जोखीम घेणार असेल आणि दर उघडा ठेवणार असेल तर त्याच्यामार्फतच राहीन. नाहीतर ओळखीचे एकदाच काय ते सांग म्हणेन, आणि मोकळी होईन."

"ओळखीचे किती?"

"ते त्यानं सांगावं."

"म्हणजे पुन्हा त्याचाच भाव." मामांनी घडी केलेला रुमाल उलगडून माझ्या हातावर टाकला. "तू सांग. बोलू नको, दाब."

मी त्यांचं एक बोट दाबलं. मग दुसरं. मग ते सोडलं, पुन्हा धरलं. मामा वाट बघत होते.