गोडं पाणी

आमच्या घरात बोटीचं इंजिन आलं ते नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात. तोवर होडी वल्ह्यावर आणि शिडावर. आईने इंजिनाला हळदकुंकू लावलं, काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि मी त्याच्यासोबत आलेलं पुस्तक घेऊन ओसरीवर बसलो. घरात बारावीपर्यंत गेलेला मी एकटाच, म्हणून इंजिनाची जबाबदारी माझ्याकडे. डोक्यावर पतपेढीचं कर्ज होतं. त्यामुळे पुस्तकातलं अक्षर न् अक्षर मी पोथीसारखं वाचलं.

पुस्तक म्हणत होतं, पहिले 10 तास इंजिनाला जपा. पहिली दहा मिनिटं अगदी सावकाश. मग तास भरेपर्यंत मूठ अर्ध्यावर. दुसऱ्या तासात फार तर पाऊण. पुढचे आठ तास पूर्ण वेग द्यायचाच झाला तर एका वेळी पाच मिनिटांच्या वर नाही. तेलही दुप्पट: एरवी 50 लिटर पेट्रोलला 1 लिटर, पण या 10 तासांत 25 लिटरलाच 1. कारण सोपं आहे. नवा पिस्टन, त्याच्या रिंगा आणि सिलिंडर वरून गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर बारीक खरखर असते. ती एकमेकांवर घासून हळूहळू बसावी लागते. बसण्याआधी जोर दिला तर धातू तापतो, ओरखडे पडतात आणि ते जन्मभर राहतात.

नेमका त्याच आठवड्यात बांगडा किनाऱ्याजवळ आला. बंदरातल्या होड्या भर्रकन बाहेर पडत आणि मी मूठ अर्ध्यावर धरून त्यांच्यामागे. शेजारच्या होडीतून हाक आली, "व्हकलेक घेवन चललंस काय रे?" सगळे हसले. आम्ही पोचेपर्यंत जाळी टाकून झालेली होती. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्या मुठीकडे बघत राहिले. एक पिळा दिला असता तर पाच-सहा टोपल्या बांगडा मिळाला असता. मी दिला नाही. ताकद हाताशी असताना ती न वापरणं म्हणजे काय, हे मला त्या 10 तासांत कळलं, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. अजूनही थोडा वाटतो.

दुसरा नियम धुण्याचा होता. हे इंजिन समुद्राचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवतं. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडत असते, ती दिसली की समजायचं, सगळं ठीक. पण इंजिन बंद केलं की आत राहिलेलं पाणी सुकतं आणि मीठ धरतं. तो थर वाढत गेला की वाटा बुजतात आणि इंजिन तापून बसतं. म्हणून खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवायचं. कोरडं मात्र सेकंदभरही नाही, आतला रबराचा पंखा जळतो. मी परसात 200 लिटरचं पिंप ठेवलं. पंखा काढून इंजिन त्यात सोडायचं, पाणी ओढून घेणारी भोकं बुडतील इतकं पाणी भरायचं आणि न्यूट्रलमध्ये सावकाश चालवायचं.

पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत कसली अडचण आली नाही. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभा तो धरून ठेवत नाही. एप्रिलमध्ये खाडीकडच्या विहिरी मचूळ होतात आणि गोडं पाणी वरच्या वाडीतल्या एका विहिरीत उरतं. तिथून आई पाणी आणायची, डोक्यावर हंडा आणि हंड्यावर कळशी. पिंपात दीडशे लिटर लागायचं, म्हणजे सात खेपा. पुस्तकात 'स्वच्छ पाणी' लिहिलेलं, म्हणून मी रोज नवं पाणी घ्यायचो. धुऊन झालं की त्यावर तेलाचा तवंग यायचा, झाडालाही घालता यायचं नाही. ते मी ओतून द्यायचो.

एका संध्याकाळी आई पिंपाशी हंडा उतरवून तिथेच टेकली. म्हणाली, "इंजिनाक तान लागता तुज्या, नि पाय दुखतत माजे."

ती रागावली नव्हती. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. इंजिन न धुणं हा काही मार्ग नव्हता. इंजिन बसलं असतं तर हप्ता कुठून भरणार, आणि आईच्याच चुलीवर काय शिजणार? नियम बरोबरच होता. चूक कुठे होती ते हळूहळू लक्षात आलं. पहिल्या 10 तासांतला संयम मी माझ्या पदरचा दिला होता. बांगडा माझा गेला, हसू माझं झालं. धुण्याची शिस्त मात्र मी आईच्या डोक्यावरून आणलेल्या पाण्यावर पाळत होतो, आणि अभिमान दोन्हींचा सारखाच बाळगत होतो. वस्तू जपणारा माणूस चांगला, असं आपण म्हणतो. पण ती कोणाच्या जिवावर जपली जाते, हे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कावड घेतली. बाप्याने पाणी भरलेलं पाहून विहिरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिसऱ्या खेपेला खांदा सोलला आणि चौथ्या खेपेला डोकं चालू लागलं. इंजिन उभं धरून आधी त्यातलं खारं पाणी निथळू द्यायचं, अंगावरचा चिखल फडक्याने पुसायचा, तवंग करवंटीने काढून टाकायचा. मग तेच पाणी तीन दिवस चालतं. तिसऱ्या दिवशी ते थोडं खारटतं, पण समुद्रापेक्षा गोडंच. हे पुस्तकात नव्हतं. आठ महिने मला सुचलं नव्हतं, कारण खांदा माझा नव्हता.

ते इंजिन पुष्कळ वर्षं चाललं. लोक म्हणत, पोराने मशीन राखलंन. मी मान डोलवायचो आणि आईकडे बघायचो नाही.

आता परसात नळ आहे. नळी जोडून दहा मिनिटं पाणी सोडतो. वेळ बघायला घड्याळ लागत नाही. मी मनातल्या मनात हंडे मोजतो, आणि जमेल तितक्या लवकर नळ बंद करतो.