फेरीचे तत्त्वज्ञान

प्रदक्षिणेत देवाला उजव्या हाताला ठेवून चालतात. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी फेरीत डोंगरच देव ठरतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी घरेच्या घरे कुशावर्त कुंडात स्नान करून सुमारे २० किलोमीटरची वाट धरतात. भातखाचरांचा चिखल, झाडीतली पायवाट, प्रयागतीर्थाचे पाणी, बापाच्या खांद्यावर पेंगुळलेले मूल असा हा प्रवास असतो.

गिर्यारोहणात शिखर गाठणे हे साध्य असते. फेरीत शिखराला पाय लागत नाही आणि वाट निघाल्या जागीच परतते. मग मिळवले काय? याचे उत्तर त्या रचनेतच आहे: केंद्रस्थानी डोंगर, चालणारा परिघावर. अहंकाराने आपली जागा सोडणे, हेच प्रदक्षिणेचे फळ. म्हणूनच तिथे वेगाला मोल नाही. लहानग्याच्या चालीने सारे घर चालते.