सनबल्लट कोण, हे कोणी ठरवायचं?



आजचं वाचन: नहेम्या, अध्याय ५ आणि ६. दोन्ही एकाच बैठकीत वाचा, ही विनंती.

आपल्याकडे बहुतेक वेळा सहावा अध्यायच वाचला जातो. तरुणांच्या कॅम्पमध्ये तर हमखास. कारण त्यात गोष्ट आहे, आणि गोष्टीला खलनायक आहे. सनबल्लट आणि गेशेम नहेम्याला ओनोच्या मैदानात भेटायला बोलावतात. चार वेळा निरोप येतो आणि चारही वेळा तो हातातलं काम सोडून जायला नकार देतो. पाचव्या वेळी उघडं पत्र येतं, म्हणजे वाटेत कोणीही वाचावं असं. त्यात अफवा: तुला राजा व्हायचंय, सगळीकडे तसं बोललं जातंय. तरी तो डगमगत नाही, आणि ५२ दिवसांत भिंत पूर्ण. मग प्रचारक आवाज खाली आणतो, गिटार हळूच सुरू होतं, आणि सांगितलं जातं की तुमच्या आयुष्यातल्या सनबल्लटांकडे लक्ष देऊ नका.

पण पाचव्या अध्यायाचं काय करायचं? तिथेही नहेम्यावर आवाज चढलेत, आणि ते आवाज शत्रूचे नाहीत. भिंत बांधणारीच माणसं आणि त्यांच्या बायका ओरडताहेत: शेतं गहाण पडलीत, पोरं गुलामीत जाताहेत, आणि सावकार आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या संतापतो, मनाशी विचार करतो आणि अधिकाऱ्यांना जाब विचारतो. दहाव्या वचनात तो हेही बोलून दाखवतो की कर्ज देणाऱ्यांत मी, माझे भाऊ आणि माझे नोकरही आहोत. आणि व्याज सोडायला लावतो. ‘मी मोठ्या कामात आहे, मला वेळ नाही’ हे वाक्य ह्या लोकांना त्याने ऐकवलं नाही. भिंत तेव्हाही अर्धवटच होती.

म्हणजे माणूस तोच, काम तेच. एका आवाजापुढे तो वाकतो आणि दुसऱ्यापुढे उभा राहतो. आजचा प्रश्न एवढाच आहे की हा फरक त्याला कळला कसा.

एक वचन आपण फार सैल हाताने वापरतो, त्याबद्दल आधी बोलतो. १ इतिहास १६:२२, देवाच्या अभिषिक्तांना हात लावू नका, ह्या अर्थाचं. मंडळीच्या हिशोबाबद्दल कोणी प्रश्न विचारला, पाळकांच्या निर्णयावर कोणी बोललं, की हे वचन ढालीसारखं पुढे येतं. मागची तीन वचनं वाचून बघा. तिथे बोलणं आहे ते मूठभर, बेघर, ह्या देशातून त्या देशात भटकणाऱ्या कुटुंबांबद्दल, आणि ताकीद आहे ती राजांना. दुबळ्यांना बलवानांपासून वाचवण्यासाठीचं वचन आपण उलटं फिरवलं आणि पुढाऱ्यांना दुबळ्यांपासून वाचवायला लावलं. मला हे साधी चूक वाटत नाही. सोयीचं आहे म्हणून ते चालू राहिलंय.

आता आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई.

त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. वय पंचवीस, नवरा वारलेला, मुलगी मनोरमा अडीच वर्षांची. राहायची सोय वाँटेजच्या सिस्टर्सकडे. ह्यांपैकी सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई पत्रात ‘आजीबाई’ म्हणत, इतकं ते नातं मायेचं होतं. तरीही पुढची दोन-तीन वर्षं ह्या दोघींमधली पत्रं म्हणजे एक लांब भांडण आहे. रमाबाई शाकाहारी होत्या, अंडं घातलेलं पुडिंग खायला तयार नव्हत्या. सिस्टर्सना तो जातीचा ताठा वाटला. क्रुसावरची अक्षरं लॅटिन असावीत की संस्कृत, ह्यावर वाद झाला. लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र कशी, असा रमाबाईंचा मुद्दा होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी मुलग्यांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचं मत मागवलं गेलं, आणि ते विरोधात आलं. बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिचं वजन कमी होईल, हे कारण. ज्या बाईला काही वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या पंडितांनी सभेत ऐकून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या होत्या, तिच्याबद्दल हा सल्ला! आणि मग त्रैक्य, चर्चचा अधिकार, मनोरमेला काय शिकवायचं. रमाबाईंनी मान्य केलं की मला अजून सगळं समजलेलं नाही. पण जे समजलेलं नाही ते समजल्यासारखं दाखवायला त्यांनी नकार दिला. ख्रिस्ताची आज्ञा आणि एका देशातल्या चर्चची रीत ह्या दोन गोष्टी त्यांनी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या. सिस्टर्सनी ह्याला गर्व म्हटलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून हे मला कोड रिव्ह्यूसारखं दिसतं. रिव्ह्यूमध्ये दोन प्रकारच्या कॉमेंट येतात. एक: ह्या इनपुटवर तुझा कोड पडेल. दुसरी: आमच्या टीममध्ये असं लिहीत नाहीत. दोन्ही ‘हे बदल’ असंच म्हणतात आणि स्क्रीनवर सारख्याच दिसतात. पण पहिली मानली नाही तर रात्री दोन वाजता कुठल्यातरी युजरचं पेमेंट अडकतं. दुसरी मानली नाही तर बहुतेक वेळा कोणाचा तरी चेहरा पडतो, इतकंच. दुसरी नेहमी निरर्थक असते असं नाही. पण आधी विचारायचं ते हे, की न ऐकण्याची किंमत कोण मोजणार. आणि ऐकण्याची किंमतही.

आमचा तरुण संघ दिंडोशीत एका घराच्या हॉलमध्ये भरतो. नागरी निवाऱ्यातले, संतोष नगरातले, मालाड पूर्वेकडचे असे पंधरा-वीस जण. गेल्या वर्षी एका वडीलधाऱ्या भावांनी मला बाजूला घेऊन फार प्रेमाने सांगितलं की आता सगळं इंग्लिशमध्ये करा. गोरेगाव-मालाडमध्ये आयटीवाले किती आहेत, मराठी गीतांना ते येणार नाहीत, तुम्हीच तर आयटीतले. सोबत वचनही दिलं, पौल सर्वांना सर्व काही झाला ते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो. पण आमच्यात एक मुलगा फिल्मसिटीत स्पॉटचं काम करतो. बारा-चौदा तास उभा राहून येतो आणि मोठ्याने मराठीत प्रार्थना करतो, आणि त्याची प्रार्थना ऐकून आमच्यासारख्यांना आपापल्या प्रार्थना पुठ्ठ्याच्या वाटतात. इंग्लिश केलं की तो दुसऱ्या दिवसापासून नुसता श्रोता. मी नाही म्हटलं. नंतर काही दिवस मला हट्टी, संकुचित, ‘मराठी-मराठी करणारा’ असं बरंच काही ऐकायला मिळालं.

त्याच महिन्यात एका मुलीच्या आईने दारातच मला झापलं. मीटिंग रात्री साडेनऊला सुटायची. ती वेळ माझ्या आधीपासून चालत आलेली. पोरींना त्या अंधारात चढावरून चालत घरी जावं लागतं. बाई म्हणाल्या, “तुमच्या देवाला पाच वाजता वेळ नसतो काय?” त्या मंडळीत येत नाहीत. आवाज चढलेला, शेजारी बघताहेत. पुढच्या शनिवारपासून मीटिंग पाच वाजता.

बोलण्याच्या पद्धतीवरून ठरवलं असतं तर दोन्ही निर्णय उलटे झाले असते. एक सल्ला गोड होता, वचनासकट होता. दुसरी टीका कडू होती आणि त्यात देवाला टोमणा होता. सहाव्या अध्यायात शमाया काय म्हणतो पाहा: चल, मंदिरात लपू, तुला मारायला येताहेत. काळजी आहे, संदेष्ट्याचा आव आहे, जागाही पवित्र. आणि नहेम्याला त्यातच सापळा दिसतो, कारण तो लपला तर जीव त्याचा वाचणार आणि भिंतीवरचे लोक उघडे पडणार.

इथपर्यंत कसोटी सोपी वाटते. पण रमाबाईंच्याच आयुष्यात एक जागा आहे जिथे ती सोपी राहत नाही, आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

११ मार्च १८८९ रोजी आपल्या मुंबईत, चौपाटीजवळ, शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. उच्च जातींतल्या विधवा आणि मुलींसाठी घर आणि शाळा. अमेरिकेतल्या देणगीदारांशी आणि इथल्या पालकांशी ठरलेलं होतं की धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’तून टीका सुरू झाली. सल्लागारांचं म्हणणं वाढत गेलं की हे थांबवा. रमाबाईंचं म्हणणं असं की मी बोलावत नाही आणि हाकलणारही नाही. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी मंडळ सोडलं, आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

ह्या वेळी टीका करणारेही मुलींच्याच नावाने बोलत होते. रानडे म्हणजे सनबल्लट नव्हेत. ज्या पालकांनी समाजाचा रोष पत्करून विधवा मुलगी तिथे पाठवली, त्यांना आपली फसवणूक झाली असं वाटलं, तर त्यांना दोष देता येत नाही. निराधार मुलीला जी बाई छप्पर देते, तिचं उघडं दारसुद्धा एक प्रकारचं बोलावणं असतं, हे आपण ख्रिस्ती लोकांनी तरी प्रामाणिकपणे मान्य करावं. तरीही मला वाटतं, दार लावून घेणं रमाबाईंना शक्य नव्हतं. आत बसलेल्या मुलीला उठवून बाहेर काढणं म्हणजे तिला पुन्हा एकदा हेच सांगणं होतं की तुझ्याबद्दलचं तुझ्याशिवाय ठरलंय. माझं मत मी मांडलं. तुमचं वेगळं असू शकतं.

त्यांच्यावर हिंदू समाज ‘फार ख्रिस्ती’ म्हणून चिडला आणि चर्चमधले काही जण ‘पुरेशा ख्रिस्ती नाहीत’ म्हणून. दोन्ही बाजू रागावल्या म्हणजे आपण बरोबर, असं मात्र मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना चुकीच्या कारणाने चिडवणारेही पुष्कळ असतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी नंतर केलं ते. दुष्काळातल्या शेकडो मुलींना घेऊन त्यांनी केडगावला ‘मुक्ती’ उभी केली, आणि ती उघडपणे ख्रिस्ती नावाने. पालकांची जी तक्रार खरी होती, ती त्यांनी अशी मिटवली. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या रुग्णालयांत बायकांची जी आबाळ होत होती त्याबद्दल त्यांनी वृत्तपत्रात जाहीर लिहिलं. सरकार ख्रिस्ती लोकांचं, तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. शारदा सदनच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. १८९३ मध्येच तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी हिंदू विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला गेला. रमाबाईंवर नुसती टीका करणारे पुष्कळ होते. त्यांच्या कामाला तोडीस तोड काम उभं करून उत्तर देणारे कर्वे.

शेवटची अनेक वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या भाषेत. छपाई मुक्तीतच झाली, आणि अक्षरं जुळवणाऱ्या तिथल्याच मुली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं.

उद्या आपण नहेम्या ८ वाचू. आठव्या वचनाशी आलात, जिथे लेवी लोकांना समजेल असं वाचून दाखवतात, की केडगावचा तो छापखाना आठवा.