झरा आणि टाकें

स्वावलंबन हा आपल्या सुशिक्षित वर्गाचा आवडता सद्गुण आहे. मींही तीस वर्षें विद्यार्थ्यांना त्याचाच उपदेश केला. मी ख्रिस्ती नाहीं. पण बायबल वाचूं लागलों तेव्हां मला प्रथम खटकलें तें त्यांतील माणसाचें सदा तहानलेलें असणें. स्तोत्रकर्त्याचा जीव कधीं पाण्यासाठीं व्याकुळ झालेल्या हरिणासारखा, तर कधीं भेगाळलेल्या जमिनीसारखा. हें दुबळेपणाचें स्तोत्र तर नव्हे?

परंतु हें वाङ्मय ज्या भूमींत जन्मलें तिचा विचार आधीं केला पाहिजे. इजिप्तच्या शेतकऱ्याला नाईलचा आधार होता. तो तिचें पाणी पाटांनीं खेळवी. पॅलेस्टाईनच्या डोंगराळ मुलखांत तशी नदी नाहीं. पाऊस हिवाळ्यांत पडतो. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. ‘अनुवाद’ या ग्रंथांत हा भेद मुद्दाम सांगितला आहे. त्या लोकांना आकाशाकडे पाहणें ही भावुकता नव्हती, नित्याचा अनुभव होता.

म्हणून यिर्मया संदेष्ट्याचा आरोप त्यांना तत्काळ कळला असेल. लोकांनीं जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि फुटकीं टाकीं खोदलीं, असें तो म्हणतो. हिब्रू भाषेंत जिवंत पाणी म्हणजे वाहतें पाणी. टाकें खडकांत खोदून चुन्यानें लिंपीत. त्याला तडा गेला कीं सांठा नकळत झिरपून जाई. आणि अभंग टाकें तरी काय करतें? तें पाणी सांठवतें, निर्माण करीत नाहीं.

मग माणसानें हात जोडून स्वस्थ बसावें काय? तसेंही नाहीं. इ. स. पूर्वीं सुमारें 700 च्या सुमारास अश्शूरी स्वारीच्या भयानें हिज्कीया राजानें यरुशलेमेंत सुमारें 533 मीटर लांबीचा बोगदा खोदविला व गीहोन झऱ्याचें पाणी नगरांत आणविलें. दोन टोळ्या दोहों टोकांकडून खोदीत येऊन मध्यें भेटल्या, असें 1880 मध्यें सांपडलेला तेथील शिलालेख सांगतो. नगराच्या अशाच जलव्यवस्थेबद्दल यशयानें लोकांना दोष दिला. पण तो खोदल्याबद्दल नव्हे, मूळ कर्त्याकडे न पाहिल्याबद्दल. बोगदा माणसांचा, झरा मात्र त्यांपैकीं कोणीं घडविला नव्हता.

तरीही एक शंका उरते. घेणारा नेहमीं हीनच ठरतो ना? योहानाच्या शुभवर्तमानांतील प्रसंग येथें आठवावा. भर दुपारीं याकोबाच्या विहिरीपाशीं थकून बसलेला येशू एका शोमरोनी स्त्रीजवळ प्रथम स्वतः पाणी मागतो. यहुदी लोक ज्यांच्याशीं व्यवहार ठेवीत नसत, त्यांच्यांतली ती. जिवंत पाण्याचें दान देऊं पाहणाराच तिच्यापुढें याचक होतो. पुढें वधस्तंभावरही तो तहान बोलून दाखवितो. मागण्यानें त्याचें थोरपण उणें झालें, असें कोणता वाचक म्हणेल?

गेल्या वर्षीं मी तापानें अंथरुणाला खिळलों होतों. एका रात्रीं उशाचा तांब्या हातभर अंतरावर असूनही मला घेववेना. घरांतील गड्याला हाक मारली. त्यानें मान उचलून धरून पाणी पाजलें. त्या माणसाशीं आजवर मी आज्ञेखेरीज बोललों नव्हतों. लाज वाटली ती अशक्तपणाची नव्हे. तें पाणी वर्षानुवर्षें तोच भरून ठेवीत होता, आणि मी स्वतःला स्वावलंबी समजत होतों, याची वाटली.

विद्यार्थ्यांना मी आजही खोदायलाच सांगतों. मात्र पाणी कोठून येतें तेंही विचारा, एवढें आतां जोडून सांगतों.