सत्तावीस गुणांचा योद्धा

मनुष्याने काय करावे, हा नीतिशास्त्राचा एक प्रश्न आहे. मनुष्याने काय व्हावे, हा त्याहून जुना आणि अधिक अवघड प्रश्न आहे. पहिला प्रश्न प्रसंगासोबत येतो आणि प्रसंगासोबत जातो. दुसरा मात्र जन्मभर आपली सोबत सोडत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आज एका खेळाच्या निमित्ताने करावयाचा आहे. वाचकांना हे निमित्त काहीसे अनपेक्षित वाटेल. परंतु ज्या घरांत तरुण मुले आहेत, तेथे या खेळाचे नाव कानावर पडले असण्याचा संभव आहे.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो रचला व १९७४ साली तो प्रसिद्ध झाला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती जमलेले चारपाच मित्र एवढ्यावर तो चालतो. एकजण कथा सांगतो: अरण्य, पडका किल्ला, भुयार, त्यात दडलेला राक्षस. बाकीचे प्रत्येकी एकेक काल्पनिक पात्र होऊन त्या कथेत वावरतात. एखादे कृत्य साधेल की फसेल याचा निर्णय वीस बाजूंच्या फाशावर सोपवला जातो. खेळाडूंनी एकमेकांना हरवायचे नसते. सर्वांनी मिळून संकटातून पार व्हायचे असते. १९८०च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती गटांनी या खेळाला जादूटोण्याचे प्रवेशद्वार ठरवून मोठा गदारोळ केला होता. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आपल्याला पाहायचे आहे ते खेळ सुरू होण्यापूर्वी काय घडते. प्रत्येक खेळाडू एक माणूस घडवतो, आणि तो कसा घडवावा हे त्याला स्वतःच ठरवावे लागते.

पहिली निवड वर्गाची. खेळाडू त्याला 'क्लास' म्हणतात. मूळच्या खेळात तीनच वर्ग होते: योद्धा, मांत्रिक आणि धर्मसेवक. प्रत्येक वर्गाला जशी शक्ती होती, तशी मर्यादाही होती. मांत्रिकाला मंत्र येत, पण चिलखत घालता येत नसे. धर्मसेवकाला चिलखत चाले, पण धारदार शस्त्र वर्ज्य. निवड म्हणजे त्याग, हे सत्य आपल्याला विवाहात आणि व्रतात उमगते. येथे ते खेळाच्या पहिल्याच पानावर मांडलेले आहे. सर्व काही होऊ पाहणारा धड काहीच होत नाही.

दुसरी निवड विशेष कौशल्यांची. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत 'फीट' नावाची योजना दाखल झाली. मराठीत तिला 'हातोटी' म्हणता येईल. योद्ध्याच्या वर्गाला विसाव्या पातळीपर्यंत अशा ११ जादा हातोट्या मिळत. म्हणून तो निवडणाऱ्यापुढे प्रश्नही सर्वांत अधिक. शिवाय हातोट्यांना क्रम असे. आवाक्यातील सर्व शत्रूंवर एकाच आवेशात वार करणारा 'व्हर्लविंड अॅटॅक', म्हणजे वावटळीसारखा हल्ला, साधायचा तर त्याआधी चार हातोट्या अंगी बाणवाव्या लागत. त्यांतील काही तर घाव चुकवण्याच्या, सावधपणे हालचाल करण्याच्या. जो पहिल्या पातळीवर सहाव्या पातळीचा विचार करीत नाही, त्याला ती वावटळ लवकर साधत नाही. आणखी एक अट तर विचार करण्याजोगी आहे: या हल्ल्यासाठी योद्ध्याची बुद्धी किमान १३ असावी लागे. नुसत्या बाहुबळावर विसंबणाऱ्याला हा डाव कायमचा बंद.

आता तिसरी निवड. आपल्या प्रश्नाचे मर्म तिच्यात आहे. प्रत्येक पात्राच्या सहा क्षमता आकड्यांनी मोजल्या जातात: बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत या क्षमता विकत घेण्याची एक रीत दिली आहे. खेळाडूला २७ गुण मिळतात. प्रत्येक क्षमता ८ पासून सुरू होते आणि १५ पर्यंत वाढवता येते. १५ साठी ९ गुण मोजावे लागतात. हिशेब सोपा आहे. बळ १५, चापल्य १५, काटकपणा १५ घेतले की तीन नवे सत्तावीस, थैली रिकामी. उरलेल्या तिन्ही क्षमता आठावरच राहतात. सामान्य माणसाच्या ठायी त्या १० धरल्या आहेत. म्हणजे हा महाबली योद्धा बुद्धीने, शहाणपणाने आणि माणसे जोडण्यात चारचौघांपेक्षाही कमी. जी क्षमता अशी जाणूनबुजून खाली ठेवली जाते, तिला खेळाडूंच्या बोलीत 'डम्प स्टॅट' म्हणतात. योद्धा घडवताना हा मान पुष्कळदा शहाणपणाच्या किंवा बुद्धीच्या वाट्याला येतो.

असे करणाऱ्या खेळाडूला मूर्ख म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचा युक्तिवाद भक्कम आहे. तो म्हणतो, "मी एकटा थोडाच आहे? शहाणपण धर्मसेवकाकडे आहे, बुद्धी मांत्रिकाकडे आहे, गोड बोलणारा आणखी कोणी आहे. माझे काम ढाल होऊन पुढे उभे राहण्याचे." या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. संत पौलाने करिंथकरांना एका शरीराच्या अनेक अवयवांचा दाखला दिला, तो याच अर्थाचा. डोळ्याने हाताचे काम करू नये. ज्या समाजात सुतार, परिचारिका, शेतकरी आणि शिक्षक आपापले काम निष्ठेने करतात, तो समाज सुखी असतो.

मग या योद्ध्याचे बिघडते कोठे? उत्तर खेळच देतो. या खेळात मन ताब्यात घेणारे मंत्र आहेत. ते परतवण्यासाठी फासा टाकावा लागतो आणि त्या दानात शहाणपणाची भर पडते. आठ शहाणपण असलेल्याच्या दानातून उलट एक वजा होतो. शत्रू मंत्र टाकतो, योद्ध्याचे दान कमी पडते आणि तो शत्रूच्या आज्ञेत जातो. त्याचे बळ १५ च राहते, तलवार तीच, कमावलेली हरेक हातोटी तशीच. फक्त ती तलवार आता स्वतःच्याच सोबत्यांकडे वळलेली असते. ज्या सामर्थ्यासाठी शहाणपण विकले, तेच सामर्थ्य आता मित्रांचा काळ ठरते. शेजारी उभ्या असलेल्या धर्मसेवकाचे शहाणपण कितीही असो, ते या क्षणी योद्ध्याच्या फाशात मिळवता येत नाही.

येथे कौशल्य आणि सद्गुण यांतील सीमारेषा दिसते. संत थॉमस अक्वायनस यांनी हा भेद नेमका मांडला आहे: कला माणसाचे काम चांगले करते, नैतिक सद्गुण त्या माणसालाच चांगला करतो. काम वाटून घेता येते. मला कुलूप उघडता येत नसेल तर दुसरा उघडील. माझ्या वतीने प्रामाणिक मात्र दुसरा कोणी होऊ शकत नाही. शल्यविशारदाला गाता आले नाही तर रुग्णाचे काही अडत नाही. पण त्याच्या ठायी सचोटी नसेल, तर ती उणीव परिचारिकेच्या सचोटीने भरून निघत नाही. म्हणूनच थॉमस विवेकाला इतर सद्गुणांचा मार्गदर्शक मानतात. विवेक वजा केला की उरते ते धैर्य नव्हे. ते धाडस, आणि त्या धाडसाला कोणीही धनी मिळू शकतो.

या खेळातच 'पॅलाडिन' नावाचा धर्मनिष्ठ योद्धा आहे. शार्लमेन सम्राटाच्या कथांतील वीरांवरून आलेले हे नाव १९७५ साली खेळात दाखल झाले. तिसऱ्या आवृत्तीत त्याने बुद्धिपुरस्सर दुष्कृत्य केले तर वर्गाच्या शक्ती त्याच्यापासून काढून घेतल्या जात. प्रायश्चित्तानंतर त्या परत मिळू शकत. अनेक खेळाडूंना ही अट जाचक वाटे, आणि २००८च्या चौथ्या आवृत्तीत ती सैल झाली. साध्या योद्ध्याला असली अट कधीच नव्हती. त्याने अन्याय केला तरी त्याचे बळ १५ च राहते. प्रत्यक्ष जीवन या बाबतीत साध्या योद्ध्यासारखे आहे. लाच घेणाऱ्या हाताची सही बिघडत नाही, आणि खोटे बोलणाऱ्या वकिलाची वाणी अडखळत नाही. कागदावरचे आकडे तसेच राहतात. म्हणूनच आपली घसरण आपल्या लक्षात येत नाही.

मराठीत 'गुण' या शब्दाला दोन अर्थ आहेत: परीक्षेत मिळतात ते, आणि माणसाच्या अंगी असतात ते. आपण पालक म्हणून मुलांच्या हाती दिवसाचे मोजके तास ठेवतो आणि ते कोठे खर्च करायचे हे बहुधा आपणच ठरवतो. दहावीची परीक्षा जवळ आली की चित्रकला आठावर राहते, गाणे आठावर राहते, मैदान आठावर राहते. यात खेद असेल, पाप नाही. थैली मर्यादित आहे आणि सारे काही कोणालाच घेता येत नाही. परंतु खरे बोलणे, दिलेला शब्द पाळणे, दुबळ्यासाठी उभे राहणे या गोष्टी त्या थैलीतून विकत घ्यायच्या नसतातच. खेळातदेखील पात्र सुष्ट की दुष्ट हे वेगळ्या रकान्यात लिहितात आणि त्यासाठी सत्तावीसपैकी एकही गुण मोजावा लागत नाही. सज्जन होण्यासाठी योद्ध्याला दुबळे व्हावे लागत नाही.

तेव्हा घरातील मुले टेबलाभोवती जमून आपला योद्धा घडवीत असतील, तर त्यांना रागे भरण्यापूर्वी क्षणभर त्यांच्याजवळ बसावे. त्याचे बळ किती, हे ती आपण होऊन सांगतील. आपण त्यांना विचारावे की शहाणपण किती ठेवले आहे, आणि ते कोणाच्या भरवशावर कमी ठेवले. मग तोच प्रश्न स्वतःच्या दिवसाकडे, कामाकडे आणि व्यवहाराकडे पाहून आपणही स्वतःला विचारावा.